निवांत गट

ज्याला काहीतरी झालेलं आहे त्याला नेमकं काय झालेलं आहे हे समजून घ्यायचं, तर आधी ज्याला काहीच झालेलं नाही असा माणूस शोधावा लागतो. ऐकायला हे सोपं वाटतं. तापलेल्या माणसाचा ताप मोजायचा तर धडधाकट माणसाचं अंग किती गरम असतं ते ठाऊक हवं, तसंच हे. पण शरीराच्या बाबतीत निसर्गाने जी सोय करून ठेवली आहे ती मनाच्या बाबतीत करायची राहून गेली, आणि म्हणूनच आघातोत्तर ताण व भावनियमन संशोधन केंद्र स्थापन करावं लागलं.

केंद्र ज्या इमारतीत होतं तिथे पूर्वी गाद्यांचं गोदाम होतं. त्यामुळे भिंतींना आवाज पिऊन टाकायची सवय होती आणि ती केंद्राच्या कामाला फार उपयोगी पडली. दुसऱ्यांच्या भावनांचं नियमन करणाऱ्या संस्थेने आधी स्वतःच्या घरात झाडू मारावा, या तत्त्वाने कर्मचाऱ्यांसाठीही काही साधे नियम होते. भावना व्यक्त करायला मनाई मुळीच नव्हती (बाहेर तसा गैरसमज पसरला होता). फक्त त्या मधल्या सुट्टीत, मागच्या जिन्यात आणि कामाचा खोळंबा न करता व्यक्त कराव्यात एवढीच अपेक्षा होती. रागाला मात्र विभागप्रमुखांची पूर्वपरवानगी लागे, आणि परवानगी येईपर्यंत राग टिकवून ठेवणं ही ज्याची त्याची जबाबदारी असे. मागच्या जिन्यात त्यामुळे कायम गर्दी असायची आणि पुढचा जिना अगदी मोकळा राहायचा.

केंद्राच्या संचालिका भीती या विषयातल्या जाणकार होत्या. त्यांचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता. एकदा छतावरून पाल थेट त्यांच्या टेबलावर पडली, तेव्हा त्या ओरडल्या नाहीत की उठल्या नाहीत. पालीला किती वेळात धीर येतो याचं त्यांनी निरीक्षण केलं (पाल पुढे बरेच दिवस कोणाला दिसली नाही, असं शिपाई सांगतो).

अशा केंद्राने एक मोठा अभ्यास हाती घेतला. अभ्यासाला दोन गट हवे होते. पहिला आघात गट, म्हणजे ज्यांच्यावर काहीतरी कोसळलं आहे अशांचा. तो पाटी लागायच्या आधीच भरला. कोणाच्या अंगावर छत आलं होतं, कोणाची बस दरीत गेली होती, कोणाच्या डोळ्यांदेखत कारखान्यातला बॉयलर फुटला होता. एक गृहस्थ दोन आघात घेऊन आले, आणि दोन असल्यामुळे नंबर लवकर लागेल का अशी चौकशी करू लागले. त्यांना नियमाप्रमाणे एकच आघात निवडायला सांगितलं. ते अजून निवडताहेत.

दुसरा गट ज्यांना काहीच झालेलं नाही अशांचा. त्याचं नाव आधी 'अघटित गट' असं ठरलं होतं. पाटीसुद्धा रंगून आली. मग त्या शब्दाचा अर्थ नेमका उलटा होतो हे पाटी रंगवणाऱ्यानेच सांगितलं, तेव्हा नाव बदलून 'निवांत गट' केलं. हा गट भरायचं काम छोटीकडे आलं.

छोटी ही केंद्रातली हंगामी सहायिका. तिला एक नीटसं, शाळेत घातलेलं नाव होतं, पण घरी, शेजारी आणि पुढे केंद्रातही सगळे तिला छोटीच म्हणत. घरात ती एकुलती एक. मग ती कोणापेक्षा छोटी, हे विचारायची घरात पद्धत नव्हती. लहानपणी तिला पी-पी वाजणारे बूट होते आणि त्यातला एकच वाजायचा. तेव्हापासून अर्धवट गोष्टींची तिला सवय होती. अशा माणसाला हंगामी नोकरी मानवते. तरीही निवांत गटात चाळीस माणसं भरली की तिला कायम करू, असं संचालिकांनी कबूल केल्यावर ती कंबर कसून कामाला लागली.

जाहिरात दिली: 'आपणांस आयुष्यात काहीच झालेले नाही काय? त्वरित संपर्क साधावा.' प्रतिसाद उदंड आला. जगात किती सुखी माणसं आहेत हे पाहून छोटीला पहिला आठवडा फार बरं वाटलं. मग मुलाखती सुरू झाल्या. आलेल्यांपैकी एकसष्ट टक्के लोकांना काहीच झालेलं नव्हतं, पण तिसऱ्या प्रश्नापर्यंतच. एका विमा एजंटाला चहा येईपर्यंत काहीच झालेलं नव्हतं आणि बशीत चहा ओतताना त्याला बहीण आठवली. एक नवविवाहित जोडपं हातात हात घालून आलं, दोघांनाही काही म्हणता काही झालेलं नव्हतं. नियमाप्रमाणे दोघांच्या मुलाखती वेगवेगळ्या खोल्यांत घेतल्या, आणि दोघं वेगवेगळ्या जिन्यांनी खाली उतरली. एका शिक्षकांना खरोखरच काही झालेलं नव्हतं. शाळा, घर, शाळा, घर. पण ते सांगता सांगता त्यांचा बांध फुटला. आयुष्यात काहीच झालं नाही हाच त्यांचा आघात आहे असं निदान करून त्यांना सन्मानाने पहिल्या गटात पाठवलं.

छोटीने हात टेकले तेव्हा संचालिकांनी एक समिती नेमली. समितीने असं मत दिलं की लोकांना काही ना काही झालेलं असतं यात लोकांचा दोष नसून 'घटना' या शब्दाची व्याख्या ढिली असल्याचा हा परिणाम आहे. मग व्याख्या घट्ट केली. यापुढे खालील बाबी घटना समजू नयेत असं ठरलं:

जे सगळ्यांच्याच घरी होतं ते.
ज्याला फार वर्षं झाली ते.
ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही ते.
जे झाल्यावर माणूस आपल्या पायांनी कामावर गेला ते.

(शेवटचं कलम समितीच्या कारकुनाने सुचवलं. त्याने ते इतक्या पटकन सुचवलं की कोणी कारण विचारलं नाही.)

या सुधारणेचे सुपरिणाम लगेच दिसले. कालपर्यंत ज्यांना काहीतरी झालेलं होतं अशा कित्येकांना आज काहीच झालेलं नव्हतं. विज्ञानाने इतक्या थोडक्यात इतक्या लोकांचं दुःख दूर केल्याचं दुसरं उदाहरण निदान त्या इमारतीत तरी नव्हतं. गट भराभर भरत गेला आणि एकोणचाळीसवर येऊन अडला. एक माणूस काही केल्या मिळेना. मुदत संपत आली. तेव्हा छोटीने बाबांना विचारलं.

बाबा पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायचे. आता निवृत्त होते. आयुष्यभर ते दारोदार पायी फिरले होते आणि आताही कुठेही पायीच जात. "चालणं तब्येतीला बरं," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याकडे स्कूटर होती. ती इमारतीच्या खाली, जिन्यालगत, मेणकापडाखाली उभी असे. दर रविवारी ते मेणकापड काढत, स्कूटर पुसत, किक मारून इंजिन थोडा वेळ चालू ठेवत आणि बंद करून पुन्हा मेणकापड घालत. तिच्यावर बसलेलं त्यांना छोटीने कधी पाहिलं नव्हतं. कशालाही त्यांचं उत्तर 'काही नाही' असंच असायचं. काय झालं? काही नाही. काय हवंय? काही नाही. पाय का सुजलाय? काही नाही. छोटीची आई म्हणायची, "यांच्याशी भांडण सुद्धा नीट करता येत नाही गं, समोर कोणी लागतं ना."

मुलाखत संचालिकांनी स्वतः घेतली, कारण नातेवाइकाची मुलाखत घ्यायची छोटीला परवानगी नव्हती. ती दारात उभी राहिली.

"काका, तुमच्या आयुष्यात अशी एखादी घटना..."

"नाही."

"माझा प्रश्न पुरा व्हायचाय अजून."

"पुरा करा ना. पण नाहीच."

संचालिकांनी पेन खाली ठेवलं. इतका निर्मळ माणूस त्यांनी या कामात पाहिला नव्हता.

छोटीला दादा होता, हे छोटीला माहीत होतं. ती जेमतेम वर्षाची होती आणि दादा आठ वर्षांचा. एका सकाळी बाबा त्याला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले आणि एकटे परत आले. आईने हे तिला एकदाच, नेमक्या एवढ्याच शब्दांत, कपड्यांच्या घड्या घालताना सांगितलं होतं, आणि लगेच चहा घेणार का म्हणून विचारलं होतं. बाबांनी ते कधीच सांगितलं नव्हतं. दादा कसा बोलायचा, कशाला हसायचा, तिला उचलून घ्यायचा की चिमटे काढायचा, यातलं काही छोटीला ठाऊक नव्हतं, आणि आई गेल्यापासून हे सगळं फक्त बाबांकडेच मिळणार होतं. लहानपणापासून तिला तेवढंच एक हवं होतं.

दारात उभी असताना तिने समितीची कलमं मनात लावून पाहिली. फार वर्षं झालेली होती. घरात कोणी बोलत नव्हतं. आणि बाबा पुढच्याच सोमवारी, आपल्या पायांनी, कामावर गेले होते. चारांपैकी तीन कलमं चोख बसत होती. तेव्हा अधिकृतरीत्या बाबांना काहीच झालेलं नव्हतं. छोटी खोटं बोलली नाही. ती काही बोललीच नाही. हे त्यांच्या घराण्यात सगळ्यांना चांगलं जमायचं.

मग चाचण्या झाल्या. माणसाला खुर्चीत बसवून बोटाला पट्टा लावतात आणि अचानक आवाज ऐकवतात: ताटली पडल्याचा, कुत्रा भुंकल्याचा, दार आपटल्याचा, हॉर्न आणि पाठोपाठ करकचून लागलेल्या ब्रेकचा. समोर कागदावर नाडीची रेषा उमटते. आघात गटातली माणसं ताटलीलाच खुर्चीतून उठायची. निवांत गटातली सुद्धा दचकायची, निवांतपणे का होईना. बाबांची रेषा ताटलीला हलली नाही. कुत्र्याला हलली नाही. दाराला नाही. ब्रेकच्या आवाजाला तर ती किंचित खाली गेली.

संचालिकांनी कागद हातात घेतला. "छोटी," त्या म्हणाल्या, "आपण जे शोधत होतो ना, ते हे. हे नियमन आहे. बाकी सगळे नुसते शांत आहेत."

ती रेषा चौकटीत घालून प्रशिक्षण कक्षाच्या भिंतीवर लावली. तिला 'आदर्श रेषा' असं नाव मिळालं. मग आघात गटाचं प्रशिक्षण सुरू झालं. त्याची पद्धत इतकी सुटसुटीत होती की पूर्वी कोणाला कशी सुचली नाही याचं आश्चर्य वाटावं. पडद्यावर दोन रेषा दिसत. निळी बाबांची, लाल आपली. प्रशिक्षणार्थ्याने आपल्यावर कोसळलेली गोष्ट आठवायची आणि आठवता आठवता लाल रेष निळीवर आणून ठेवायची. ती तिथे टिकली की माणूस बरा. त्याला गुलाबी प्रमाणपत्र आणि पाण्याची बाटली देऊन निरोप देत.

अंगावर छत पडलेली एक शिंपीण होती. तिने पहिल्याच दिवशी निळी रेष निरखून पाहिली आणि विचारलं, "हे गृहस्थ जिवंत आहेत ना?" हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्यामुळे त्याला उत्तर दिलं नाही.

निकाल उत्तम होते. बऱ्या झालेल्यांपैकी सत्त्याण्णव टक्के लोक आता कशालाच दचकत नव्हते. त्यातले निम्मे हाक मारली तरी लक्ष देत नसत. एका बाईने केंद्रात येऊन तक्रार केली. "अहो, पूर्वी हे रात्री ओरडत उठायचे, मी पाणी द्यायचे, पाठीवरून हात फिरवायचे. आता मुलगी पहिली आली म्हणून पेढे घेऊन यांच्यापुढे उभी राहिली, तर हे म्हणाले, ठेव तिथे. घरात माणूस आहे की नाही तेच कळत नाही." ही तक्रार 'परिणामकारकतेचे पुरावे' या सदरात घातली. बाईंचे आभार मानले.

अभ्यासाचा शेवटचा टप्पा होता वर्णनाचा. आघात गटाने आपापल्या घटनेचं वर्णन करायचं, आणि तुलनेसाठी निवांत गटाने 'काहीच झालं नाही अशा एका दिवसाचं'. विषय संचालिकांनी स्वतः काढला होता आणि तो त्यांना सोपा वाटला होता. पण निवांत गटातल्या बहुतेकांना असा दिवस आठवेना. एकाने कालचा दिवस सांगायला घेतला आणि मध्येच थांबून घरी फोन करायला गेला.

बाबांची पाळी आली तेव्हा यंत्रावर छोटी होती. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे बाबा. यंत्र नीट चाललंय ना हे कळावं म्हणून चालवणाऱ्याने एक पट्टा स्वतःच्याही बोटाला लावायचा असा नियम होता. तिने तो लावला. ध्वनिक्षेपकातून सूचना झाली. बाबांनी घसा साफ केला आणि अगदी मीटरचं वाचन सांगावं तशा आवाजात ते सांगू लागले.

"सुट्टी होती त्या दिवशी. सकाळी चहा झाला. छोटी नुकती चालायला लागली होती, भिंत धरून. तर मोठा म्हणाला, बाबा, हिला वाजणारे बूट आणू, म्हणजे ही कुठे जाते ते आंधळ्याला पण कळेल. असंच बोलायचा तो. मग आम्ही स्कूटर काढली. दुकानात त्याने सगळे बूट दाबून बघितले, दुकानदार वैतागला. पिवळे घेतले. पिशवी नको म्हणाला, हातात धरतो म्हणाला. मागे बसला. सगळ्या रस्त्याने पी-पी, पी-पी. लोक वळून बघायचे. मी म्हटलं, अरे घरी जाईपर्यंत बिघडतील ते. तर म्हणतो, बाबा, या आवाजाला छोटी घाबरली तर? मी म्हटलं, घाबरली तर तू आहेस की. तर म्हणे, हो, मी आहे. मग ते वळण लागतं ना, पंपाच्या पुढचं, तिथे मी विचारलं त्याला, नीट धरलंयस ना? तो म्हणाला, हो, दोन्ही धरलेत. बूट म्हणत होता तो."

काचेपलीकडे बाबांनी गुडघ्यावरची पँट सारखी केली.

"मग घरी आलो," ते म्हणाले. "बस. विशेष काही नाही."

त्याच क्षणी यंत्राची घंटा वाजू लागली. ही घंटा फक्त धोक्याच्या पातळीला वाजते आणि केंद्र सुरू झाल्यापासून ती कधी वाजली नव्हती. संचालिका धावत (म्हणजे त्यांच्या मानाने धावत) आल्या. त्यांनी दोन्ही कागद पाहिले. बाबांची रेषा आदर्शाहून आदर्श होती, पट्टी ठेवून आखावी अशी. दुसऱ्या पट्ट्याची रेष कागदाच्या वरच्या कडेवरून बाहेर गेली होती आणि लेखणी लाकडावर ओरखडे काढत होती.

"यंत्र बिघडलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम," छोटी म्हणाली. "ती माझी आहे."

संचालिकांनी तिला आपल्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. छोटीने सगळं सांगितलं. दादा, स्कूटर, एकच वाजणारा बूट, समितीची कलमं आणि दारातलं गप्प राहणं. "त्यांना आपल्या गटातून काढा मॅडम," ती म्हणाली. "ते निवांत नाहीत. ती रेषा भिंतीवरून काढा. माझं कायम होणं राहू दे. त्यांना कोणीतरी पुढचं विचारा, नाहीतर मला विचारू द्या."

संचालिकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी मघाशी कशाचं वर्णन केलं?"

"त्या दिवसाचं."

"काहीच झालं नाही अशा दिवसाचं. विषय मी दिलेला आहे. सहभागी व्यक्ती सांगते ते आपण प्रमाण मानतो. उद्या लोकांच्या मुली येऊन त्यांना काय झालंय ते सांगायला लागल्या, तर संशोधन कसं होणार?"

"पण मॅडम..."

"शिवाय असं बघ. ती रेषा चुकीची ठरली, तर तिच्यावर जे बरे झाले ते बरे झालेच नाहीत असं होईल. त्यांना परत बोलवून पुन्हा आजारी करायचं का? प्रमाणपत्रं परत घ्यायची? बाटल्यांचं काय?"

संचालिकांनी टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावल्या, मग पुन्हा एकदा लावल्या. "मलाही एक भाऊ होता," त्या त्याच आवाजात म्हणाल्या. "मी आले ना कामावर?" आणि त्यांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

प्रकरणाचा निर्णय अत्यंत न्याय्य झाला. बाबांना निवांत गटात कायम ठेवलं. छोटीचं नियमन कमी पडतं हे यंत्रानेच सिद्ध केलं असल्यामुळे तिला शिक्षा न करता प्रशिक्षणाला बसवलं. आघात गटात एक जागा होतीच, दोन आघातवाल्या गृहस्थांचं अजून ठरलेलं नव्हतं. अशा रीतीने दुसऱ्या दिवशी छोटी पडद्यासमोर बसली. लाल रेष तिची, निळी बाबांची. मनात पिवळे बूट आणायचे आणि लाल रेष हळूहळू निळीवर आणून ठेवायची. शेजारच्या खुर्चीवर शिंपीण होती. तिची रेष काही केल्या खाली येत नव्हती, आणि त्यामुळे ती प्रत्येक वर्गाला येऊन केंद्राचा चहा पीत होती.

"कोणाची गं ही रेष?" तिने हळूच विचारलं. "तुला माहीत असेल, तू इथलीच ना."

"माझ्या बाबांची."

शिंपिणीने निळ्या रेषेकडे पाहिलं, मग छोटीकडे. "अगं बाई," ती म्हणाली. आणि तिने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून छोटीच्या मांडीवर ठेवला.

छोटीची प्रगती चांगली होती. आठवड्याच्या शेवटी तिची रेष निळीच्या बोटभर वर येऊन ठेपली. प्रशिक्षकाने शाबासकी दिली. म्हणाला, रक्तातच आहे तुमच्या. आता एक-दोन वर्ग आणि मग प्रमाणपत्र, शिवाय कायम होण्याचंही बघता येईल, असं संचालिकांनी कळवलं. छोटीला आनंद व्हायला हवा होता. तिने तो शोधून पाहिला आणि तो सापडला नाही, तेव्हा ती घाबरली. ती खरोखरच घाबरली, आणि घाबरता येतंय म्हणून तिला रडू आलं.

रविवारी बाबा खाली गेले, तशी तीही मागोमाग गेली. त्यांनी मेणकापड काढून घडी केली. हँडल पुसलं, आरसा पुसला. मागची सीट ते नेहमी शेवटी पुसत. ती पुसून झाली, तशी छोटी तिच्यावर जाऊन बसली.

"काय गं?" बाबा म्हणाले.

"काही नाही."

हे उत्तर त्यांना नवीन नव्हतं, फक्त या बाजूने नवीन होतं. मग काय मनात आलं कोण जाणे, फडकं हातात घेऊनच ते पुढच्या सीटवर बसले. स्कूटर स्टँडवरच होती. त्यांनी किक मारली. इंजिन फुरफुरलं, सगळी स्कूटर जागच्या जागी थरथरू लागली. छोटीने मागून त्यांच्या कमरेला विळखा घातला. लहानपणी सुद्धा ती त्यांना अशी बिलगली नव्हती.

"नीट धरलंयस ना?" बाबांनी विचारलं. ते शब्द त्यांच्या तोंडून निघून गेले आणि मग ते त्यांना ऐकू आले.

"तुम्हाला धरलंय, बाबा," छोटी म्हणाली. "दोन्ही हातांनी."

बाबांनी वळून पाहिलं नाही आणि इंजिनही बंद केलं नाही. छोटीचे हात आता वर सरकून त्यांच्या छातीवर होते, आणि तिथे जे चाललं होतं ते इंजिनाच्या थरथरण्याहून वेगळं कळत होतं. इतक्या वर्षांचं सगळं एकदम दार वाजवत होतं. केंद्राच्या यंत्राला ते कधी दिसलं नव्हतं, कारण यंत्राचा पट्टा बोटाला लावतात. जिन्यावरून उतरणारे शेजारी विचारत होते, काय काका, निघालात का कुठे? बाबांना उत्तर देता येईना. त्यांच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांच्या हातात स्कूटरचं फडकं होतं, ते त्यांनी तोंडाला लावलं. मग, बऱ्याच वेळाने, इंजिनाच्या आवाजाच्या वर आवाज काढून ते म्हणाले, "घाबरली होतीस तू. बूट घातल्यावर. त्याने विचारलं होतं ना, म्हणून सांगतोय."

"आणि मग?"

"मग सांगतो. बस जरा."

याची कुठेही नोंद झालेली नाही. रविवारी केंद्र बंद असतं.

अभ्यासाच्या नव्या फेरीला बाबा गेले नाहीत. छोटीही गेली नाही. तिच्या जागी दुसरी सहायिका आली आहे आणि निवांत गटात पुन्हा एक जागा रिकामी आहे. ती तातडीने भरायची असल्यामुळे केंद्राने निवड सोपी केली आहे. मुलाखत नाही. ही हकिकत इथपर्यंत वाचली, की पुरे. वाचताना आपल्याला काही झालं नसेलच. मध्ये एकदा आपण मान वर करून उगाच भिंतीकडे पाहिलंत, ते सहज. कोणीतरी आठवलं, पण त्याला फार वर्षं झाली. घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि दुसऱ्या दिवशी आपण कामावर गेला होतातच. म्हणजे आपल्याला काहीच झालेलं नाही. येण्यापूर्वी घरच्यांना मात्र विचारू नये, त्यांना काहीतरी आठवण्याची शक्यता असते.

काय म्हणालात? काही नाही?

वा. या, बसा. बोट पुढे करा.